ज्या सल्ल्याला मालक नाही

आपल्या घरात दिवसभरात किती आरोग्यसल्ले येतात, ते एकदा मोजून पाहावे. फज्रनंतर मोबाइल उघडला की कौटुंबिक ग्रुपवर लिंबूपाण्याचे फायदे आलेले असतात. दुपारी टीव्हीवर पांढरा कोट घातलेला माणूस मुलांची उंची वाढवण्याचा उपाय सांगतो. संध्याकाळी शेजारच्या खाला सांगतात की अमुक पूड पाण्यातून घेतली की गुडघे दुखायचे थांबतात. त्यांनाही ते कुणीतरी सांगितलेले असते. यांपैकी एकाही सल्ल्याचे पैसे आपण दिलेले नसतात. म्हणून ते सगळे फुकटचे वाटतात आणि फुकटात मिळते ते घ्यायला काय हरकत, असेही वाटते.

पण व्हिडिओ बनवायला माणसे लागतात, टीव्हीवरची वेळ विकत घ्यावी लागते, दवाखान्यातल्या भिंतीवरचे सुंदर कॅलेंडर कुणीतरी छापून दिलेले असते. म्हणजे पैसे दिले गेलेले आहेतच, फक्त ते आपण दिलेले नाहीत. आणि ज्याने दिले, तो ते कुठून तरी परत मिळवणार. कुठून, हे आमच्या घरखर्चाच्या वहीत मला स्पष्ट दिसते.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले. धाकटा भाऊ कुवेतला आहे. तो पाठवतो त्या पैशाचा आणि घरच्या थोड्या आंब्या-काजूचा हिशेब माझ्याकडे असतो. वहीत किराणा, वीज, मुलांची फी अशी पाने आहेत. गेल्या काही वर्षांत 'ताकद' नावाचे एक पान मला नव्याने पाडावे लागले. डबे, पुड्या, सरबते, कॅप्सूल यांचा खर्च किराण्यातही बसेना आणि औषधांतही. त्या पानावरच्या तीन नोंदींबद्दल मी लिहिते आहे. आमच्यासारखी आखाताच्या पैशावर चालणारी घरे कोकणात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या वह्यांतही हे पान असणार.

पहिली नोंद बाळाच्या दुधाच्या डब्याची. भाभीचे बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झाले. बाळ चांगले, तीन किलोचे. घरी सोडताना जो कागद मिळाला, त्यावर लोहाच्या गोळ्यांखाली एका कंपनीच्या पावडरच्या दुधाचे नाव लिहिलेले होते. भाभीने विचारले, "मला दूध येतंय ना?" तिथली बाई म्हणाली, "येतंय, पण पुरणार नाही. रात्री एकदा-दोनदा हे द्या." खालच्याच दुकानात डबा तयार होता.

पहिलटकरणीला "पुरणार नाही" एवढे दोन शब्द पुरतात. आईचे दूध बाळ जितके ओढते तितके बनते. बाळाचे पोट डब्याच्या दुधाने भरले की ते कमी ओढते, ओढले नाही की दूध कमी बनते, आणि आठ दिवसांत "पुरत नाही" हे वाक्य खरे ठरते. मग एका डब्याचे दोन होतात. गरज आधी विकायची आणि माल मागून, असा हा धंदा आहे.

हा धंदा जुना आहे. 1970च्या दशकात आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या गरीब देशांत दूध-पावडरच्या कंपन्यांनी नर्ससारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींकडे पाठवल्या, दवाखान्यांत फुकट डबे वाटले. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचे दूध आटलेले असे. पुढचा डबा परवडत नसे, म्हणून बाया पावडर पातळ करत. पाणी स्वच्छ नसे, बाटली उकळायला सरपण नसे. मुले हगवणीने आणि कुपोषणाने दगावू लागली. 1974 साली ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने यावर 'द बेबी किलर' नावाची पुस्तिका काढली. 1977 साली अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. मे 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने अशा विक्रीवर आंतरराष्ट्रीय नियमावली मंजूर केली.

आपल्या देशाने तर कायदाच केला. 1992च्या कायद्याने आणि त्यातल्या 2003च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूध-पावडरची, डबाबंद आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने देता येत नाहीत. या मालाच्या कंपन्यांनी डॉक्टर-नर्सना भेटी किंवा पैसे देणे हा गुन्हा आहे. टीव्हीवर बाळाच्या साबणाची जाहिरात दिसते, पण बाळाच्या दुधाची दिसत नाही, ती याच कायद्यामुळे. समोरचा दरवाजा बंद झाला की माल मागच्या दाराने येतो, आणि आमच्या कागदावरची ती ओळ मला मागच्या दारातून आल्यासारखी वाटली.

पवित्र कुरआनात सूरह बकरामध्ये आयांनी बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. त्याच आयतीचा पुढचा भाग मात्र कमी बोलला जातो. दूध तोडायचे असेल, तर आई-वडिलांनी आपसांत सल्लामसलत करून, दोघांच्या राजीखुशीने तोडावे, असे तिथे आहे. दुसरीकडून दूध पाजून घेण्याचीही मुभा आहे. म्हणजे ज्या आईला खरोखरच दूध येत नाही, जी आजारी आहे, जिचे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, तिच्यावर बोट दाखवायची गरज नाही. डबा तिच्यासाठी आधार आहे, आणि तो जरूर वापरावा. पण हा निर्णय आई-वडिलांनी जाणकाराला विचारून घ्यायचा असतो. त्या मसलतीत डबा विकणाऱ्याला जागा नाही.

भाभीला शेवटी उपकेंद्राच्या नर्सबाईंनी मदत केली. त्यांनी दोन दिवस येऊन बाळ अंगावर कसे धरायचे ते दाखवले, रात्रीचा डबा हळूहळू बंद करायला लावला, आणि बाळाचे वजन दर आठवड्याला केले. वजन वाढत गेले तसा भाभीचा जीव भांड्यात पडला. नर्सबाईंच्या त्या दोन दिवसांचे बिल माझ्या वहीत नाही, कारण त्यांनी चहाशिवाय काही घेतले नाही.

दुसरी नोंद पुतण्याच्या चॉकलेटी पावडरची. तो आठ वर्षांचा आहे. त्याचा बाप आखातात, त्यामुळे पोराला काही कमी पडू नये असे सगळ्यांना वाटते. भाऊ फोनवर विचारतो, "त्याला ताकदीचं काय देता?" आम्ही सांगतो, भाकरी, मच्छी, डाळ, अंडी. त्याला ते पुरेसे वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतला धावणारा मुलगा असतो. दूर असलेल्या बापाची काळजी कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते.

एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका नावाच्या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल एक छोटा व्हिडिओ केला. डब्याच्या मागे काय छापलेले आहे, त्याकडे त्याने लोकांचे लक्ष वेधले. कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्याला व्हिडिओ काढून माफी मागावी लागली. पण तोवर तो लाखो लोकांनी पाहिला होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला जाब विचारला. वर्षाअखेरीस कंपनीने वरून घातलेली साखर सुमारे 14 टक्के कमी केली. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नयेत, कारण आपल्या 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची काही चीजच नाही. आपण इतकी वर्षे ज्या शब्दावर विश्वास ठेवून डबे घेतले, तो शब्द कायद्यात नव्हताच.

त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या 'पब्लिक आय' या संस्थेने नेस्लेच्या बाळांच्या आहाराबद्दल अहवाल दिला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास साखर वरून घातलेली आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तशाच मालात वरची साखर नव्हती. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही भारताचे नियम पाळतो आणि साखर कमी करत आलो आहोत. नियम पाळले जात असतीलही. पण जर्मन बाळाला साखरेशिवाय चालते आणि आपल्याला चालत नाही, हे कुणी ठरवले?

साखरेच्या बाबतीत तर खुद्द विज्ञानालाच हात लावला गेला होता. 1960च्या दशकात अमेरिकेत हृदयविकार वाढला होता आणि त्याला साखर जबाबदार की चरबी, हा वाद चालू होता. साखर उद्योगाच्या 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना 6,500 डॉलर देऊन या विषयावर आढावा लिहून घेतला. 1967 साली तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात छापून आला. सगळा दोष चरबीवर आणि कोलेस्टेरॉलवर होता, आणि साखरेविरुद्धचे पुरावे कच्चे ठरवले होते. पैसे कुणी दिले, याचा उल्लेख कुठेही नव्हता. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून हे 2016 साली उघड केले, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. तोवर ते शास्त्रज्ञ हयात नव्हते. जास्त तूप-चरबी निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. दोन आरोपी होते, त्यांतल्या एकाला वकील मिळाला, एवढाच याचा अर्थ.

2003 साली जागतिक आरोग्य संघटना सांगू लागली की रोजच्या आहारातल्या उष्मांकांपैकी वरच्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा. तेव्हा अमेरिकेच्या साखर संघाने संघटनेच्या प्रमुखांना पत्र लिहून धमकावले की तुम्हाला अमेरिकेकडून मिळणारा निधी रोखण्यासाठी आम्ही प्रयत्न करू. संघटना दबली नाही, आणि 2015 साली तिने तोच सल्ला अधिक ठामपणे दिला. त्या वेळी तिने असेही म्हटले की पाच टक्क्यांवर, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सहा चमचे साखरेवर, आणता आले तर आणखी चांगले. आपल्या इफ्तारच्या एका ग्लास सरबतात हे सहा चमचे कधी संपतात ते कळतही नाही.

सरबतावरून आठवले. आखातातून येणाऱ्या पार्सलात संत्र्याची पूड असते आणि कधीकधी विम्टोची बाटली. अरब देशांत विम्टोशिवाय रमजानचा दस्तरखान पुरा होत नाही. हे पेय मुळात 1908 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एक टॉनिक म्हणून तयार झाले, आणि 'विम टॉनिक' यावरून त्याचे नाव आले. इंग्रजांचे टॉनिक आमच्या रोजाचे पेय झाले ते विक्रीच्या कौशल्याने, त्यात दीनाचा काही संबंध नाही. आणि आमच्या परसात आमसुले वाळत पडलेली असताना पाहुण्यासमोर कोकमाचे सरबत ठेवायला आम्हाला संकोच वाटू लागला. पार्सलातली बाटली प्रेमाने आलेली असते, ती फेकून द्यावी असे मी म्हणत नाही. पण ती 'ताकद' नाही, ती गोडी आहे. गोडीच्याच मापाने घ्यावी.

तिसरी नोंद अम्मीची आहे, आणि ती लिहिताना आजही हात जड होतो.

अम्मीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सरकारी रुग्णालयातून गोळ्या मोफत मिळतात, साखर बरी राहते. गेल्या वर्षी रमजानच्या आधी तिने फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि कुणालाही न सांगता तीन महिन्यांचे एक 'किट' मागवले. कलौंजीच्या कॅप्सूल, मधाची बाटली, कसला तरी अर्क आणि एक छापील कागद. किंमत 4,800 रुपये, तिच्या ईदीच्या साठवलेल्या पैशातून. कागदावर मशिदीचे चित्र होते, आणि खाली लिहिले होते की हे सुरू केल्यावर इंग्रजी गोळ्या बंद कराव्यात, नाहीतर गुण येणार नाही.

अठराव्या रोजाला ती इफ्तारच्या आधी बेशुद्ध व्हायला आली. तालुक्याच्या रुग्णालयात नेले तेव्हा साखर चारशेच्या वर होती. चार दिवस तिथे काढले. अल्लाहच्या कृपेने ती घरी परतली, पण उरलेले रोजे तिला धरता आले नाहीत. ते तिला आजारापेक्षा जास्त लागले.

मी तिला रागावले नाही. फक्त विचारले, "अम्मी, गोळ्या बंद करा असं सांगणाऱ्यावर विश्वास कसा बसला?"

ती म्हणाली, "अगं, दाढीवाला माणूस होता. बिस्मिल्लाह म्हणून बोलायला लागला. हदीस सांगितली. दीनाचं नाव घेऊन कुणी खोटं कशाला बोलेल?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? तिच्या श्रद्धेत खोट नव्हती. कलौंजीबद्दलची हदीस खरी आहे, बुखारी शरीफमध्ये आहे. मधात लोकांसाठी शिफा असल्याचे सूरह नहलमध्ये आहे. पण तीन महिन्यांचे किट, 4,800 रुपये आणि "गोळ्या बंद करा" हे कोणत्याही हदीसमध्ये नाही. खऱ्या गोष्टीला खोटी शेपटी जोडायची आणि खऱ्याच्या भावात खोटे विकायचे, ही तिथली चलाखी. उलट उपचार करून घ्या, असेच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही आणि तरी जो इलाज करतो, तो नुकसानाला जबाबदार धरला जाईल, असेही अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. त्या किटवाल्याने नेमकी ही हदीस सांगितली नाही.

बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण मुलांना सांगतो. प्रेषित (स.) यांनी ढिगात हात घातला, वर धान्य कोरडे होते आणि आत बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे बजावले. आजच्या डब्यांनाही हा प्रसंग लागू पडतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'ताकद', मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साखर. वर सुन्नतचे नाव, आत किंमत आणि धोका. ओले धान्य वर ठेवा, एवढीच आपली मागणी आहे.

देशाचा कायदाही हेच म्हणतो. 1954च्या औषधे व चमत्कारी उपचारांच्या कायद्याप्रमाणे मधुमेह बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही. मग ती हकिमाची असो, वैद्याची असो की बाबाची. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापायला लावली, ती याच स्वरूपाच्या दाव्यांवरून. म्हणजे धर्माचे नाव घेऊन औषध विकण्याची सवय कोण्या एका समाजाची नाही. प्रत्येक ग्राहकाला त्याच्या त्याच्या श्रद्धेच्या भाषेत हाक मारली जाते.

इथे एक धोका मला दिसतो आणि तो लिहिलाच पाहिजे. हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग डॉक्टरही विकले गेलेले, सरकारही विकले गेलेले, कशावरच विश्वास नको. ज्याला काहीच खरे वाटत नाही, त्याला कुणीही काहीही विकू शकतो. अम्मीच्या त्या व्हिडिओची सुरुवातही "औषध कंपन्या तुम्हाला लुटतात" अशीच होती. पोलिओच्या वेळी आपल्या समाजात हेच झाले. उत्तर प्रदेशात कितीतरी मुस्लिम वस्त्यांत अफवा पसरली की थेंबांमुळे मुले होत नाहीत. त्या अफवेची किंमत लहान मुलांच्या पायांनी मोजली. मग उलेमांनी पुढे येऊन आवाहने केली, मशिदींतून घोषणा झाल्या, इमामसाहेबांनी स्वतः मुलांना थेंब पाजले. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा "पैसे कुणी दिले" हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. त्याच्या पुढचा प्रश्न आहे, "पुरावा काय, आणि तो कुणी तपासला?" खबर आली तर आधी शहानिशा करा, अजाणतेपणी कुणाचे नुकसान करून बसाल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. शहानिशा म्हणजे नुसता संशय नव्हे. संशयात बसल्या जागी मान हलवता येते, शहानिशेला उठून जावे लागते.

त्या पानावरच्या नोंदी पाहता पाहता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या सल्ल्यांनी आमच्या घरात खरोखर गुण आला, त्यांना कुणी मालक नव्हता. आईच्या दुधाचा मालक नाही. बाळाला सहा महिन्यांनंतर दिलेल्या नाचणीच्या सत्त्वाचा मालक नाही. कोकमाचा नाही, मगरिबनंतर चालण्याचा नाही, पोट भरण्याआधी हात आवरण्याच्या सुन्नतीचा नाही. मालक नाही म्हणून जाहिरात नाही. जाहिरात नाही म्हणून ते जुनाट वाटतात.

जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचे उदाहरण घ्या. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बंगालच्या सीमेवर बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून पाजायला सुरुवात केली. त्या छावणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे जगभर कोट्यवधी मुले या पाण्याने वाचली. आजही एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले की ते घरी तयार होते. चमचा चहाचा, आणि माप काटेकोर हवे.

पण या पाण्याचे चांगले नावही बाजाराने वापरले. गोड सरबतांच्या खोक्यांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापून ती औषधांच्या दुकानांत विकली जाऊ लागली. त्यांत साखर कितीतरी पट जास्त. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षे एकट्या लढल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरता येणार नाहीत. ज्या सल्ल्याला मालक नाही, त्याची राखण अशी कुणीतरी करावी लागते.

आमच्या घरापुरती ती राखण आता आम्ही वाटून घेतली आहे. डबा घेतला की भाभी आधी मागची बाजू वाचते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिल्या तिघांत साखर दिसली तर तो डबा मिठाईच्या हिशेबात धरायचा. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा, हे पुतण्यालाही पाठ झाले आहे, आणि दुकानात तो मोठ्याने मोजतो तेव्हा दुकानदार हसतात. चालू गोळी बंद करायला सांगणारा, मग तो कुणीही असो, आमच्या घरात त्याचे ऐकले जात नाही. गोळी ज्या डॉक्टरांनी दिली, तेच ती कमी करतील. जो सल्ला देतो तोच माल विकत असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचे. दिशाभूल करणारी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. किटवाल्यांविरुद्ध तिथे तक्रार मी स्वतः नोंदवली. पैसे परत आले नाहीत, पण तो व्हिडिओ आता दिसत नाही.

मशिदीच्या कमिटीलाही मी भावाकरवी एक विनंती केली आहे. रमजानच्या आधीच्या एखाद्या जुम्याला सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलवावे, आणि मधुमेह असलेल्यांनी रोजे कसे धरावेत, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, कुणी रोजा धरू नये, हे त्यांच्याकडून आणि इमामसाहेबांकडून एकत्र ऐकावे. बायकांसाठी वरच्या मजल्यावर बसायची सोय व्हावी. कमिटीने होकार दिला आहे. या कार्यक्रमाला कोणत्याही कंपनीचा फलक नसेल, आणि चहाचा खर्च आम्ही काही घरे मिळून करणार आहोत.

आपापल्या गावात असा एक जुमा ठरवता आला तर वाचक भगिनींनी तो जरूर ठरवावा. आपल्या अम्मी-अब्बांना दीनाची भाषा कळते. त्या भाषेत त्यांच्याशी खरे बोलणारे कुणीतरी हवे, नाहीतर त्याच भाषेत बोलणारा विक्रेता फोनमध्ये बसलेलाच आहे.